सच्छिद्र म्हणजे नेमकं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात मराठी मजकूर तपासायचं काम करतो. शेतीची माहितीपत्रकं, टाइल-सिमेंटच्या पुस्तिका, फाउंड्रीतले सूचनाफलक, शाळेच्या प्रश्नपत्रिका, असं काय येईल ते. 'सच्छिद्र' हा शब्द या सगळ्यांत येतो आणि प्रत्येक ठिकाणी वेगळ्याच कारणानं अडतो. लोकांनी फोनवर, चहाच्या गाड्यावर आणि शेजारच्या पोरांनी परीक्षेच्या आदल्या रात्री विचारलेले प्रश्न इथं एकत्र केले आहेत.

एका वाक्यात अर्थ सांगा.

ज्याच्या अंगात बारीक बारीक भोकं किंवा पोकळ्या आहेत, ते सच्छिद्र.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर मिसळ मागवा. आपल्याकडं मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड येतो, ते बरंच आहे. स्लाइसचा एक कोपरा कटात टेकवून नुसता धरून ठेवा, दाबू नका. बशीतला कट जिथं आहे तिथंच राहतो, पण तांबडा रंग ब्रेडमधून हळूहळू वर चढत बोटांपर्यंत येतो. ब्रेडमधल्या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या आहेत, त्यांच्या वाटेनं कट वर जातो. पुस्तकात याला केशाकर्षण म्हणतात.

'सछिद्र' लिहायचं की 'सच्छिद्र'? मधला च कुठून आला?

'सच्छिद्र'च बरोबर. स (म्हणजे सहित) आणि छिद्र हे दोन शब्द जोडलेत. संस्कृत संधीत ऱ्हस्व स्वरापुढं छ आला की मध्ये च् येतो. स्व + छंद म्हणजे स्वच्छंद, परि + छेद म्हणजे परिच्छेद, वि + छेद म्हणजे विच्छेद. त्याच रांगेत स + छिद्र म्हणजे सच्छिद्र. 'छि' ऱ्हस्व, 'सच्छीद्र' नको.

एका शिक्षकांनी मला विचारलं होतं, "सच्छील म्हणजे चांगल्या शीलाचा, मग सच्छिद्र म्हणजे चांगल्या छिद्राचा का नाही?" विनोद सोडला तर शंका रास्त आहे. सत् + शील याचं सच्छील होतं आणि सत् + छिद्र असं जोडलं तरी रूप सच्छिद्रच होईल. पण या शब्दात सत् नाही, नुसता स आहे. सजल, सफळ, सपत्नीक यांतला तोच स. छिद्र चांगलं की वाईट, हे शब्द सांगत नाही. ते वस्तू कशासाठी वापरायची यावर ठरतं, आणि बहुतेक घोळ तिथंच होतात.

उलटा शब्द कोणता?

अच्छिद्र किंवा निश्छिद्र. दोन्ही बरोबर, दोन्ही कुणी बोलत नाही. बोलताना 'भरीव', 'गच्च', 'घट्ट विणीचं', 'पाणी न पिणारं' असं म्हणतो आपण. माहितीपत्रकात मी 'छिद्ररहित' ठेवतो. वाचणाऱ्याला अडखळायला होत नाही.

भोक, छिद्र आणि रंध्र यांत फरक काय?

आकाराचा आणि थोडा मानमरातबाचा. भोक बोट जाईल असंही असतं आणि सुई जाईल असंही. छिद्र म्हटलं की ते लहान आणि जरा शिकलेलं. रंध्र सगळ्यांत बारीक, आणि बहुतेक वेळा सजीवाच्या अंगावरचं असतं. पानांवर पर्णरंध्रं, कातडीवर घामाची रंध्रं. समुद्रातला स्पंज ज्या प्राण्यांमध्ये मोडतो त्यांना शालेय पुस्तकात रंध्रीय प्राणिसंघ म्हणतात.

आणखी एक भाऊबंद आहे, सुषिर. त्याचाही अर्थ पोकळ, भोकाचा. तो आता फक्त संगीतात उरलाय. बासरी आणि सनई ही सुषिर वाद्यं.

रोजच्या बोलण्यात हा शब्द कुणी वापरतं का?

खरं सांगायचं तर नाही. मी तीस वर्षं कोल्हापुरात काढली, पण एकाही गवंड्याच्या, कुंभाराच्या किंवा सुगरणीच्या तोंडी 'सच्छिद्र' ऐकलेला नाही. वस्तू मात्र सगळ्यांना रोज लागते. मग ते काय म्हणतात?

ते वस्तूला विशेषण लावत नाहीत. पाण्याचं काय होतं ते क्रियापदानं सांगतात. "ही वीट लई पाणी पिती." "माठ झिरपतोय." "रानात पाणी मुरंना." "स्लॅब गळतोय." टीपकागद शाई टिपतो, फडकं सांडलेलं दूध शोषतं, विहिरीच्या कातळातून पाणी पाझरतं. या प्रत्येक क्रियापदात वेगळी गोष्ट आहे. पिणं म्हणजे आत घेऊन ठेवणं. मुरणं म्हणजे आत जाऊन दिसेनासं होणं. झिरपणं म्हणजे हळूहळू, थेंब न दिसता पलीकडं येणं. गळणं म्हणजे पलीकडं टपटप पडणं, आणि ते कुणालाच नको असतं. एकट्या 'सच्छिद्र'च्या पोटात हे सगळं कोंबलं की कोणतं ते कळत नाही.

स्वयंपाकघरात याच गुणाला नाव आहे, आणि तिथं तो कौतुकाचा आहे: जाळी. "अनाऱशाला जाळी छान पडली," हे वाक्य दिवाळीत ज्या घरात ऐकू येतं, तिथली बाई त्या दिवशी कुणाचं ऐकून घेत नसते. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, दमट पीठ गुळात मळून मुरवायचं, खसखशीवर थापायचं आणि खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचं. मग वरच्या बाजूला भोकंच भोकं उमलत जातात. गुळाचं प्रमाण चुकलं की तो कढईत विरघळून पसरतो. त्याला 'अनारसा हसला' म्हणतात. अनारसा हसला की करणारी रडते. आंबोळी, ढोकळा, इडली यांच्या बाबतीतही जाळी म्हणजेच सच्छिद्रता, पण इडलीला सच्छिद्र म्हटलं तर घास घशाखाली उतरणार नाही.

माठातलं पाणी गार होतं ते सच्छिद्रतेमुळंच ना?

हो, पण अर्धीच गोष्ट सांगितली जाते. माठाच्या भिंतीतून पाणी थोडं थोडं बाहेर झिरपतं आणि बाहेरच्या अंगावरून वाफ होऊन उडतं. उडताना ते उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाणी असं उडून जायला साधारण ५८० किलोकॅलरी लागतात, आणि यातली बरीचशी माठातल्या उरलेल्या पाण्याकडून घेतली जाते. दहा लिटरच्या माठातून दिवसभरात पावणेतीनशे मिली पाणी उडालं तरी कागदावरच्या हिशेबानं आतलं पाणी पंधरा-सोळा अंशांनी उतरायला हवं. प्रत्यक्षात तेवढं उतरत नाही, कारण बाहेरची उष्णता सारखी आत येत असते.

म्हणजे नुसती भोकं असून भागत नाही, हवाही कोरडी लागते. एप्रिलात रंकाळ्यावरून वारं सुटलेलं असताना माठ जसा गार होतो तसा जुलैत होत नाही. हवेतच इतका दमटपणा असतो की बाहेर आलेलं पाणी उडायचं नावच घेत नाही. माठाखाली थारोळं साचतं आणि पाणी मात्र कोमटच राहतं. लोक म्हणतात माठ बिघडला. तो बिघडलेला नसतो.

माठाला ही भोकं येतात कुठून, हे कुंभार गल्लीत विचारा. मातीत राख, भुसा, घोड्याची लीद असं काहीबाही मळतात. भट्टीत ते जळून जातं आणि त्याच्या जागी पोकळी उरते. माती फार भाजली तर ती भोकं मिटत जातात, कच्ची राहिली तर माठ ढासळतो. हा अंदाज हातात असावा लागतो.

दोन वर्षांपूर्वी मी एका प्रदर्शनातून सुंदर रंगवलेला माठ आणला. वारली चित्रं, वरून चकाकी. तीन दिवस पाणी भरून ठेवलं, नळाला जसं येतं तसंच आत. माठाच्या अंगावरून हात फिरवला तर कोरडा ठणठणीत. शेवटी गंगावेशेतल्या एका कुंभार मावशींना दाखवला. त्यांनी नखानं रंग खरवडला आणि म्हणाल्या, "अवो दादा, त्याचं सगळं अंगच लिंपून टाकलंय की. आता घाम कुठनं यायचा त्याला?" ऑइलपेंटनं एकूण एक भोक बुजलं होतं. आता त्यात छत्र्या ठेवतो.

जुना माठ गार करत नाही तेव्हाही तेच झालेलं असतं, फक्त आतून. बोअरच्या पाण्यातले क्षार वर्षभरात भोकांत बसतात. नारळाच्या शेंडीनं घासलं तर थोडा फरक पडतो, पण साबण लावू नका. माठ तोही पितो, आणि मग पंधरा दिवस पाण्याला वास.

सच्छिद्र असलं की पाणी आरपार जातंच ना?

नाही. या सगळ्या पानावर एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

भोकं असणं ही एक गोष्ट आणि ती भोकं एकमेकांना जोडलेली असणं ही दुसरी. पहिलीला सच्छिद्रता म्हणतात, दुसरीमुळं जो गुण येतो त्याला पारगम्यता. मराठी भाषांतरात या दोघींची इतकी सरमिसळ होते की मी तपासताना प्रत्येक 'सच्छिद्र'खाली पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढतो.

आपल्या पायाखालचाच दगड घ्या. दख्खनचा काळा बेसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. लाव्हा थंड होत असताना त्यातले वायू बुडबुड्यांच्या रूपानं वर चढले आणि थराच्या माथ्याकडं अडकून बसले. म्हणून काही ठिकाणी बेसाल्ट डोळ्यांना दिसेल इतका भोकाभोकांचा असतो. पण एक बुडबुडा दुसऱ्याला मिळालेला नसतो. भोकं भरपूर, वाट एकही नाही, मग पाणी जाणार कुठून? पुढं कित्येक भोकांत पांढरे खडे आणि गारगोट्या तयार झाल्या (भुदरगड तालुक्यातलं गारगोटी गाव नव्हे, दगड). बेसाल्टात विहिरीला पाणी लागतं ते बहुतेक भेगांमुळं आणि कुजलेल्या मुरमामुळं, या बुडबुड्यांमुळं नव्हे.

काळ्या मातीचं याहून गमतीचं. चिकणमातीत निम्म्याच्या आसपास जागा रिकामी असू शकते, म्हणजे आकड्यात ती वाळूपेक्षा जास्त सच्छिद्र. पण तिच्या पोकळ्या इतक्या बारीक की पाणी त्यांना चिकटून बसतं, पुढं सरकत नाही. वाळूत पोकळी कमी असूनही पाणी सरळ खाली जातं. पंचगंगेकाठच्या उसाच्या रानात पाऊस झाल्यावर चार दिवस पाय घालता येत नाही, ते यामुळं. शेतकरी तिला सच्छिद्र म्हणत नाही, "पाणी धरून ठेवणारी जमीन" म्हणतो, आणि त्याचंच बरोबर आहे.

एक कोडं: डबाभर बोरं आणि तेवढाच डबाभर मोहरी, रिकामी जागा कशात जास्त? बहुतेक जण बोरं म्हणतात. दाणे गोल, एकाच आकाराचे आणि सारखेच रचलेले असतील तर शेकड्यात जागा सारखीच निघते. दाणा लहान झाला की प्रत्येक पोकळी लहान होते, पण पोकळ्यांची संख्या वाढते. फरक पडतो तो पाणी ओतल्यावर. बोरांतून धो धो जातं, मोहरीत रेंगाळतं. आणि बोरांत मोहरी मिसळली तर जागा खरोखर कमी होते. काँक्रीटमध्ये खडीबरोबर वाळू घालतात ती यासाठीच.

जांभा दगड सच्छिद्र आहे का?

आहे, आणि आरपारही. भोकं नुसती नाहीत, नळ्यांसारखी आतून फिरलेली असतात. जास्त पाऊस आणि उष्णता यांनी मूळ खडकातली सिलिका धुऊन गेली, लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागं राहिली, तो जांभा. ॲल्युमिनियम जास्त असेल तिथं बॉक्साइट मिळतं, आपल्या जिल्ह्यात राधानगरी आणि शाहूवाडी भागात आहे. इंग्रजीत या दगडाला लॅटराइट हे नाव फ्रान्सिस ब्युकॅनन यानं १८०७ साली केरळात पाहून दिलं. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. नाव चपखल बसलं, कारण हा दगड जमिनीतून काढताना मऊ असतो, त्याचे चिरे कापता येतात आणि वारा लागल्यावर तो कडक होतो.

पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर भर पावसात गेलात तर एवढा पाऊस पडून तो जातो कुठं, असं वाटतं. बराचसा जांभ्यात उतरतो आणि खाली घट्ट थर लागला की डोंगराच्या कडेला झरा होऊन बाहेर येतो.

शेतीच्या पत्रकात 'सच्छिद्र पाईप' असतो. तो माठासारखा झिरपतो का?

हाच तो गोंधळ. शिरोळ तालुक्यात क्षारपड जमिनी सुधारायला भूमिगत निचरा करतात. जमिनीखाली साधारण चार-पाच फुटांवर नागमोडी अंगाचे प्लास्टिकचे पाईप टाकतात, त्यांना यंत्रानं भोकं पाडलेली असतात आणि माती आत जाऊ नये म्हणून वरून जाळीचं कापड गुंडाळलेलं असतं. जमिनीतलं जादा पाणी क्षारांसकट त्या भोकांतून आत येतं आणि बाहेर नेलं जातं. या पाईपचं प्लास्टिक स्वतः बिलकूल सच्छिद्र नाही. त्याला भोकं पाडलीत, इतकंच.

आता 'सच्छिद्र निचरा प्रणाली' हे नाव इतकं रुळलंय की ते बदलायच्या फंदात मी पडत नाही. पण शेतकऱ्याच्या हातात द्यायच्या पत्रकात एकदा तरी 'भोकं पाडलेला पाईप' असं लिहून टाका. रबराच्या काही नळ्या खरोखर अंगानंच पाझरतात आणि बागेत वापरतात. एकाच पत्रकात दोन्ही 'सच्छिद्र' आले तर दुकानदाराची चांदी.

विटेची किंवा टाइलची सच्छिद्रता घरी मोजता येते?

विटेची येते. वाळवलेली वीट वजन करा, चोवीस तास पाण्यात बुडवा, बाहेर काढून फडक्यानं पुसा, पुन्हा वजन करा. माझ्या अंगणातल्या एका विटेचं वजन कोरडं ३ किलो भरलं आणि भिजल्यावर ३ किलो ४५० ग्रॅम. म्हणजे ४५० ग्रॅम पाणी प्यायली, वजनाच्या १५ टक्के. साध्या विटेसाठी भारतीय मानकात वरची मर्यादा २० टक्के आहे, तेव्हा ती पास.

पण १५ टक्के ही तिची सच्छिद्रता नव्हे. सच्छिद्रता घनफळावर मोजतात. ९ × ४ × ३ इंचांच्या विटेचं घनफळ साधारण १,७७० घन सेंटिमीटर, आणि आत गेलेलं पाणी ४५० घन सेंटिमीटर. भागाकार केला की सुमारे २५ टक्के. म्हणजे पाणी पोचलं एवढी पाव वीट नुसती हवा आहे. पुस्तिकेत 'जलशोषण' लिहिलंय की 'सच्छिद्रता', हे बघून मगच दोन विटांची तुलना करा.

गवंडी बांधकामाच्या आधी विटा भिजवून का घेतो, तेही यात आलं. कोरडी वीट सिमेंटमधलं पाणी ओढून घेते आणि सांधा कच्चा राहतो. भिंतीच्या चकाकणाऱ्या साध्या टाइल पाठीमागून दहा टक्क्यांहून जास्त पाणी पितात, त्याही भिजवतात. फरशीची व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्काही पीत नाही. म्हणूनच ती नुसत्या सिमेंटला नीट धरत नाही आणि त्यासाठी वेगळं चिकटद्रव्य लागतं.

पूर ओसरून महिने झाले तरी भिंत ओली का राहते?

मिसळीच्या ब्रेडमुळं. म्हणजे त्याच कारणामुळं. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही पंचगंगेची धोका पातळी, आणि २०१९ मध्ये नदी तिच्या कितीतरी वर गेली. घरात पाणी उभं राहिलं तेवढ्या उंचीपर्यंत भिंत प्याली, हे उघड आहे. पण विटा आणि गिलावा त्याच्या वरही पाणी ओढतात. सुकताना पाणी उडतं, त्यातले क्षार मागं राहतात, पांढरी भुकटी दिसते. तिला लोणा म्हणतात. त्यावर लगेच चकचकीत ऑइलपेंट मारला की आतल्या पाण्याची बाहेर पडायची वाट बंद, आणि पुढच्या उन्हाळ्यात पोपडे. तो वारली माठ आठवा. आधी भिंत वाळू द्या, चुन्यासारखा श्वास घेणारा रंग लावा.

फाउंड्रीत 'पोरॉसिटी' म्हणतात, त्याला मराठीत सच्छिद्रताच म्हणायचं का?

सूचनाफलकावर म्हणा, पण कंसात काही न घालता शेजारी 'पोरॉसिटी'ही देवनागरीत लिहा. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पाळीवर उभा असलेला माणूस "जॉबला ब्लोहोल आलाय", "पोरॉसिटी दिसतेय" असंच म्हणतो. जॉब म्हणजे ओतून काढलेला भाग, ब्लोहोल म्हणजे त्यात वायूनं पडलेलं भोक. 'सच्छिद्रता आढळली' असं वाचून तो क्षणभर थांबतो, आणि त्या क्षणात लॅडल, म्हणजे वितळलेल्या धातूचं भांडं, पुढं जातो.

या धंद्यात शब्दाच्या दोन्ही बाजू एकाच जागी बघायला मिळतात. वाळूचा साचा पाहिजे पारगम्य. वितळलेलं लोखंड आत पडलं की वाफ आणि वायू तयार होतात, त्यांना वाळूच्या कणांमधून बाहेर जाता आलं पाहिजे. म्हणून वाळूची पर्मिॲबिलिटी रोज तपासतात. ती कमी पडली तर वायू धातूत घुसतो आणि ओतीव भाग सच्छिद्र होतो. म्हणजे साच्याला भोकं हवीत, नाहीतर जॉबला पडतात. ॲल्युमिनियममध्ये विरघळलेला हायड्रोजन थंड होताना बाहेर पडतो, त्यानंही भोकं पडतात. धातू गोठताना आकसतो आणि वरून भर मिळाली नाही तर आत पोकळी राहते, तिला श्रिंकेज म्हणतात. पंपाचा भाग हवा भरून पाण्यात बुडवला आणि बुडबुडे आले की सगळ्यांची तोंडं उतरतात.

आणि एका जागी हेच मुद्दाम करतात. टेबलफॅनमधलं छोटं कांस्याचं बुश (दांडा ज्यात फिरतो ती नळी) धातूची भुकटी दाबून आणि भाजून बनवतात, म्हणजे ते सच्छिद्र राहतं. मग त्यात तेल मुरवतात. फिरताना ते तेल बाहेर येतं, थांबल्यावर पुन्हा आत जातं.

कोल्हापुरी चप्पल पावसात का घालू नये?

कातडं सच्छिद्र असतं. केसांची मुळं जिथं होती तिथं बारीक वाटा राहिलेल्या असतात, आणि आपल्या चपलेचं कातडं बाभळीची साल, हिरडा यांनी कमावलेलं, वरून प्लास्टिकचा थर नसलेलं. त्यामुळं उन्हाळ्यात पाय घामेजत नाही, आणि त्याचमुळं पावसात चप्पल पाणी पिऊन फुगते. भिजलीच तर सावलीत वाळवा, मग थोडं तेल द्या. उन्हात ठेवलीत तर पापडासारखी वळते.

हाडं सच्छिद्र होणं म्हणजे?

ऑस्टिओपोरोसिस. हाडाच्या आत मुळातच जाळी असते, वयानं ती विरळ होते. डॉक्टर 'हाडं ठिसूळ झालीत' म्हणतात ते योग्यच. आजीला 'तुमची हाडं सच्छिद्र झाली' असं सांगू नका, ती घाबरेल.

माणसाबद्दल किंवा कायद्याबद्दल 'सच्छिद्र' वापरता येईल का?

वापरतात, पण मला ते रुचत नाही. भाषांतरित बातम्यांत 'सच्छिद्र सीमा' येते. 'सीमेवरून ये-जा थांबत नाही' म्हटलं तर काय बिघडतं? कायद्यात पळवाटा असतात, छिद्रं नसतात. रस्त्याची चाळण होते. गुपित न राखणाऱ्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. व्यवहारात काही काळंबेरं असेल तर कुठंतरी पाणी मुरतंय असं आपण म्हणतो, आणि ज्याच्यावर कशाचा परिणाम होत नाही तो पालथा घडा. कठोर माणूस हळहळला की दगडाला पाझर फुटतो. पाणी आणि भोकं यांच्यावर एवढी भाषा आयती उभी असताना कोशातला शब्द उसना कशाला आणायचा? छिद्रावरून एकच शब्द माणसाला नेमका बसतो, दुसऱ्याचे दोष हुडकणारा छिद्रान्वेषी. माझ्या धंद्यातल्यांना तो ऐकावा लागतो.

लिंग-वचनाप्रमाणं रूप बदलतं का? वाक्यात कसा वापरायचा?

बदलत नाही. सच्छिद्र खडक, सच्छिद्र माती, सच्छिद्र भांडी. नाम करायचं तर सच्छिद्रता किंवा सच्छिद्रपणा.

माझ्याकडं तपासायला आलेलं एक वाक्य: 'हे सिमेंट सच्छिद्र असल्याने गळती होत नाही.' लिहिणाऱ्याला उलटं म्हणायचं होतं, 'अच्छिद्र'मधल्या 'अ'च्या जागी 'स' पडला होता. दुसरं एक: 'पाझर तलावाचा तळ सच्छिद्र असावा.' हे व्याकरणानं बरोबर, अर्थानं अर्धवट, कारण तळाची भोकं जोडलेली हवीत. मी तिथं 'तळातून पाणी मुरायला हवं' असं केलं. साहेबांना ते फार साधं वाटलं आणि त्यांनी पुन्हा सच्छिद्र घातलं.

गुळाचा रवा (म्हणजे ढेप) पावसाळ्यात पाझरतो, म्हणजे गूळ सच्छिद्र का?

यातलं कारण वेगळं आहे. गुळाचा स्वभावच हवेतला ओलावा ओढून घ्यायचा. ढेप कापली तर आत बारीक पोकळ्या दिसतात, पण ओल त्या भोकांमुळं येत नाही. साखर ओलावा धरते आणि त्यात विरघळत जाते, म्हणून पाणी सुटतं. माठ आतलं पाणी बाहेर सोडतो, गूळ बाहेरचं पाणी अंगावर घेतो. दोघांनाही 'पाझरतो' म्हणतो आपण. यावर उपाय एकच, रवा हवाबंद ठेवायचा. आमच्याकडं आई तो जुन्या पत्र्याच्या डब्यात ठेवून झाकणाच्या कडेला ओली कणीक लावते आणि श्रावण संपेपर्यंत कुणाला हात लावू देत नाही.